रंगाचा हात शेवटी

घर विकायचे ठरले की पहिला निरोप बहुधा रंगाऱ्याला जातो. आठ-दहा दिवसांत हॉल पिस्ता रंगाचा होतो, बाहेरची भिंत नारिंगी होते, फाटकालाही काळा ऑइलपेंट लागतो. घर पाहायला माणसे येतात, चहा घेतात, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात आणि त्यांचा फोन पुन्हा येत नाही. विकणाऱ्याला वाटते, किंमत जास्त सांगितली गेली. पुष्कळदा कारण वेगळेच असते. पाहुण्यांबरोबर आलेल्या मामाने किंवा ओळखीच्या गवंड्याने हॉलच्या कोपऱ्यात, जोत्यापासून वीतभर वर, ताज्या रंगाला आलेल्या फुगाऱ्यावर अंगठा दाबून पाहिलेला असतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घर घेणारा माणूस दोन गोष्टींना सर्वांत जास्त भितो: भिंतीत मुरलेले पाणी आणि उताऱ्यात राहून गेलेले नाव. या दोन्हींचा बंदोबस्त न करता लावलेला रंग विकणाऱ्याच्या कामी येत नाही, उलट संशय वाढवतो. म्हणून घर विक्रीसाठी तयार करण्याचा क्रम इथे उलटा लावावा. आधी पाणी, मग कागद, मग साफसफाई, आणि रंगाचा हात शेवटी.

तत्पूर्वी, घर घ्यायला येणार कोण, याचा विचार करायला हवा. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ची. पुढे शाळा-महाविद्यालये वाढत गेली, एमआयडीसीत पियाजिओ, फेरेरो यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आले, २०१९मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे शहरात घर शोधणाऱ्यांत बदलीवर आलेले नोकरदार आहेत, डॉक्टर आणि प्राध्यापक आहेत. त्यांच्या बरोबरीने मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावात एक बिऱ्हाड ठेवणारी शेतकरी कुटुंबेही आहेत. इंदापूरकडे पुणे-सोलापूर महामार्गावरचे व्यापारी, साखर कारखान्यांतले आणि वालचंदनगरचे नोकरदार, आणि उभे आयुष्य पुण्या-मुंबईत काढून गावाकडे परतू पाहणारी जोडपी, असा गिऱ्हाईकवर्ग दिसतो.

यातल्या प्रत्येकाची नजर वेगळ्या ठिकाणी जाते. नोकरदाराला बँकेचे कर्ज काढायचे असते, म्हणून तो कागद आधी मागतो. शेतकरी कुटुंब फाटकाची रुंदी, गाडी लावायची जागा आणि पाण्याची टाकी पाहते. निवृत्त माणूस तळमजल्यावर झोपायची खोली आणि संडास-बाथरूम आहे का, जिन्याला कठडा आहे का, हे विचारतो. आपले घर यांपैकी कोणाला सोयीचे आहे हे एकदा कळले, की खर्च कुठे करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, तेही ठरते.

विक्रीपूर्वी घर मांडून दाखवण्याचा व्यवसाय अमेरिकेत उभा राहिला. वॉशिंग्टन राज्यात घरविक्रीचे काम करणाऱ्या बार्ब श्वार्झ यांनी १९७२मध्ये त्याची सुरुवात केली. आपण ज्या घरात राहतो ते आणि आपण जे घर विकतो ते, दोन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते, हे त्यांच्या सांगण्याचे सार. भाड्याचे सोफे, टेबलावर फळांची टोपली, पलंगावर नव्या चादरी असा हा थाट असतो. बारामतीच्या गल्लीत त्यातला सोफा निरुपयोगी आहे. नजर बदलण्याची गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. वीस वर्षे एका घरात राहिलेल्या माणसाला न्हाणीतला गळका नळ दिसत नाही, जिन्याची हललेली पायरी जाणवत नाही. म्हणून पहिला फेरफटका स्वतः न मारता एखाद्या स्पष्टवक्त्या नातेवाइकाला किंवा मिस्त्रीला मारायला सांगावा आणि तो जे बोलेल ते वहीत उतरवून घ्यावे.

आता पाणी. हा भाग अवर्षणप्रवण. वर्षाकाठी पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी भिंतींना ओल येण्याचे कारण काय? त्याचे उत्तर पावसापेक्षा कालव्यात जास्त सापडते. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचे काम झाले आणि १८८०च्या दशकात त्याचे पाणी या शिवारात खेळू लागले. १९२८मध्ये भाटघरचे धरण पूर्ण झाले, उसाचे क्षेत्र वाढले, साखर कारखाने उभे राहिले. उसाला पाटाने दिलेले पाणी जमिनीत मुरत राहिले, भूजल वर आले आणि सखल भागातल्या जमिनी पाणथळ व क्षारपड होऊ लागल्या. नीरा खोऱ्यातल्या अशा जमिनींचा अभ्यास पाटबंधारे खात्याचे अभियंते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून करत आले आहेत. शेतात जो क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने दिसतो, तोच कालव्याखालच्या गावांत घराच्या जोत्यावर लोणा होऊन येतो.

हे घडते कसे, ते समजले तर दुरुस्तीत पैसे वाया जात नाहीत. वीट, माती आणि गिलावा यांत केसाएवढी सूक्ष्म छिद्रे असतात. जोत्याच्या वर ओलरोधक थर घातलेला नसेल, तर जमिनीतले पाणी त्या छिद्रांतून वर चढते. बरोबर विरघळलेले क्षार नेते. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि क्षाराचे स्फटिक मागे राहतात. स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात. गिलावा भुसभुशीत होतो, पोपडे सुटतात. अशा भिंतीवर लांबी भरून प्लास्टिक इमल्शन मारले तर भिंतीचा श्वासच बंद होतो. आतले पाणी रंगाच्या पडद्यामागे अडते आणि काही आठवड्यांत फुगारे धरतात. विकणाऱ्याने खर्च केलेला असतो, आणि घेणाऱ्याला दोष आधीपेक्षा ठळक दिसतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. सैल गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत खरवडून काढावा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा. पाण्याने धुतले तर तो विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. भिंत उघडी ठेवून उन्हाळ्याची हवा लागू द्यावी. बाहेरच्या बाजूला जोत्याभोवती उतार देऊन फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा घालावा, म्हणजे छपराचे पाणी पायात मुरणार नाही. भिंतीला टेकवून रचलेला मातीचा ढीग, कुंड्या, नळाखालची उघडी मोरी हलवावी. जुनी माती-विटांची भिंत असेल तर तिला चुन्याचा हातच मानवतो, कारण चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. जिथे भूजलच वर आलेले आहे तिथे ओल पूर्ण थांबणार नाही. तिथे काय केले आणि काय उरले आहे, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे.

सरळ सांगण्याचा हा सल्ला नुसता भलेपणाचा नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधल्या कलम ५५ने विकणाऱ्यावर ते बंधन घातले आहे. मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने पाहूनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. मोठी भेग लांबीने बुजवून वर कपाट उभे करणे म्हणजे पुढच्या दाव्याला आमंत्रण.

भेगांचा विषय या तालुक्यांत वेगळा बोलावा लागतो. इथली जमीन एकसारखी नाही. माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था खडकाळ, मुरमाड माळावर उभी आहे, तर नदीकाठच्या आणि कालव्याखालच्या गावांत पुरुषभर खोल काळी माती सापडते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आक्रसते. तिच्यावर उथळ पाया घालून बांधलेले घर दरवर्षी किंचित वरखाली होते. मे महिन्यात रुंदावणारी आणि श्रावणात मिटत येणारी तिरपी भेग दिसली, की जाणता गवंडी मातीचे नाव घेतो.

सगळ्या भेगा सारख्या नसतात, आणि हे घर दाखवताना समजावून सांगता आले पाहिजे. गिलाव्यावरची जाळीदार, नखही न शिरणारी रेघ सिमेंट सुकताना पडते. तिने घराला धोका नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी विटांच्या सांध्यांतून उतरत जाणारी, आरपार गेलेली भेग पायाच्या हालचालीची असू शकते. जुने मिस्त्री तिची परीक्षा काचेने करत: भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काही महिन्यांत काच तडकली तर भेग जिवंत आहे. विक्रीचा विचार वर्षभर आधी झाला असेल तर ही काचपट्टी आजच बसवावी. पावसाळा आणि उन्हाळा काढून अभंग राहिलेली काच आणि तिच्यापुढची तारीख गिऱ्हाइकाला दाखवता येते. तेवढा विश्वास नव्या रंगाने येत नाही. भेग हलत असेल तर स्थापत्य अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा, दुरुस्ती करावी किंवा तेवढी किंमत कमी करावी.

जोत्याच्या पट्ट्यालगत किंवा कठड्याच्या फटीत उगवलेला पिंपळ लहान दिसतो, पण त्याची मुळे भिंत फोडतात; तो वेळीच काढलेला बरा. अंगणातल्या मोठ्या झाडावर मात्र कुऱ्हाड चालवण्याआधी विचारून घ्यावे. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. आणि सावली देणारा कडुनिंब किंवा धरता आंबा गिऱ्हाइकाला आवडतो, हेही विसरू नये.

छपरांचे दोन प्रकार इथे भेटतात. जुन्या पेठांत आणि गावठाणांत माळवदाची घरे अजून आहेत: लाकडी तुळया, त्यांवर लाकडी चिपा, पाला आणि वर जाड मातीचा थर. उन्हाळ्यात ही घरे थंड राहतात, पण वरची माती दरवर्षी नीट दाबून, उतार देऊन ठेवावी लागते. पन्हळ तुंबली की तुळईची टोके कुजतात. अशा घराला विक्रीसाठी सिमेंटचा जाड कोबा घालून ‘पक्के’ करण्याचा मोह होतो. तुळयांवरचा भार त्याने वाढतो, म्हणून तो टाळावा. तुळईच्या टोकात दाभण खुपसून लाकूड घट्ट आहे हे दाखवणे अधिक उपयोगाचे. दाराच्या चौकटीवर मातीच्या बारीक वाहिन्या दिसल्या तर ती वाळवी. वाहिन्या पुसून न टाकता आधी औषध मारून घ्यावे आणि त्याची पावती ठेवावी.

स्लॅबच्या घरांत वीटकोबा फुटलेला असतो, किंवा टाकीचा पाइप जिथून स्लॅबमध्ये शिरतो तिथे गळती असते. दुरुस्तीनंतर गच्चीवर मातीचे बांध घालून दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालून छत पाहावे. या परीक्षेचा व्हिडिओ मोबाइलमध्ये राहू द्यावा. पाऊस चालू असताना घर दाखवायला अनेक जण कचरतात. गळती खरोखर थांबलेली असेल तर आषाढातला पाऊस विकणाऱ्याच्याच बाजूने बोलतो.

पाण्याचे आणखी एक अंग म्हणजे घरात येणारे पाणी. नळाला किती वाजता, किती वेळ पाणी येते, कालव्याचे आवर्तन लांबले की काय होते, बोअर किती फूट आहे आणि मे महिन्यात चालते का, हे प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारते. उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. बोअरच्या जड पाण्याने नळांवर, टाइल्सवर पांढरा थर बसतो. तो काढायला लिंबू किंवा व्हिनेगर पुरते. मोझॅक आणि संगमरवरावर तेही नको आणि बाजारात मिळणारे ॲसिड तर नकोच, कारण संगमरवर हा चुन्याचाच दगड. आम्लाने तो खाल्ला जातो आणि फरशी कायमची निस्तेज होते.

पाण्यानंतर कागद, आणि विक्रीचा वेळ सर्वांत जास्त इथेच जातो. वडिलांच्या नावावर घर आहे, वडील जाऊन पंधरा वर्षे झाली, एक भाऊ गावात, एक पिंपरीत, बहीण फलटणला दिलेली, अशी स्थिती सामान्य आहे. गिऱ्हाईक आल्यावर वारसनोंद करायला धावणे म्हणजे गिऱ्हाईक घालवणे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात, मृत्युपत्र नसेल तर, आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहहिस्सेदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची त्यासाठी गरज नाही. बहिणींना शेवटच्या क्षणी सहीला बोलावण्याची रीत म्हणूनच मोडायला हवी. घर विकायचे ठरवतानाच त्या बैठकीत हव्यात. त्यांचा हिस्सा त्यांना द्यायचा की त्या स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करणार, हे त्यांनीच ठरवायचे. न्यायाच्या दृष्टीने हे योग्य आहे, आणि घेणाऱ्याच्या वकिलाला पाहिजे असते तेही हेच.

कोणते कागद लागतात, हे घर कुठे आहे यावर ठरते. नगरपरिषद हद्दीत आणि नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक लागते, शेतजमिनीवरच्या प्लॉटला सातबारा आणि बिगरशेती आदेश, गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा. गावठाणांची अडचण अशी होती की नमुना ८ ही करआकारणीची नोंद, मालकीचा भक्कम पुरावा नव्हे. बँका अशा घरांना कर्ज द्यायला नाखूश असत. पुणे जिल्ह्यातल्याच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली, आणि मोजणी पूर्ण झालेल्या गावांत घरमालकांना सनद व मालमत्ता पत्रक मिळू लागले. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर ते पत्रक काढून घेणे हे कागदांच्या तयारीतले पहिले काम. पत्रकातले क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळत नसेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी.

इंदापूर तालुक्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमाकाठची गावे गेली. पळसदेवचे जुने मंदिर जलाशय ओसरला की अजून वर दिसते. विस्थापित कुटुंबे नव्या गावठाणांत वसली. पुनर्वसनात मिळालेल्या काही जमिनींच्या उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असते, आणि अशा जमिनीची विक्री सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. घराला कितीही सुंदर केले तरी ही एक ओळ व्यवहार थांबवते, म्हणून उतारा, विशेषतः इतर हक्काचा रकाना, आधी वाचावा. विकास सोसायटीचा फिटलेला पण उताऱ्यावर तसाच राहिलेला बोजाही तिथेच सापडतो.

पालखी मार्गाच्या कडेच्या घरांत क्षेत्र तपासावे लागते. पाटस-बारामती-इंदापूर या मार्गाने तुकाराम महाराजांची पालखी जाते. पालखी मार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा कडेच्या घरांच्या जागा भूसंपादनात गेल्या. अशा घराचा मालक जुन्याच खरेदीखतावरचे क्षेत्र सांगत असेल तर पुढे वाद ठरलेला. किती गेले, मोबदला कोणाला मिळाला, उरले किती, हे दाखवणारे कागद आणि ताजा नकाशा तयार असावा.

बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊन घर मोजतो. वर चढवलेली विनापरवाना खोली, बाजूच्या मोकळ्या जागेत ओढलेले स्वयंपाकघर त्याच्या हिशेबात बसत नाही आणि कर्जाची रक्कम खाली येते. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे बिल भरलेले असावे, मीटर आजोबांच्या नावावर असेल तर ते बदलून घ्यावे. हे सगळे एका फायलीत लावून तिच्या छायाप्रती तयार ठेवल्या की निम्मे बोलणे वाचते.

मग साफसफाई. इथे खर्च थोडा आणि फरक मोठा. माळ्यावरची अडगळ, मोडकी सायकल, फुटकी टाकी, भंगारात जाण्याजोगे सगळे काढावे. रिकामी खोली मोठी वाटते आणि भिंती तपासता येतात. जिथे साखर कारखाना जवळ आहे तिथे गाळप हंगामात बगॅसची काजळी गच्चीवर, जाळ्यांवर बसते. ती झाडून घेतल्याखेरीज घर दाखवू नये. खिडक्यांच्या जाळ्या आणि काचा धुतल्या की उजेड वाढतो. कुरकुरणारी कडी, सैल बोर्ड, बंद पंखा, गळका नळ ही कामे वायरमन आणि प्लंबर दोन-तीन दिवसांत उरकतात. नवे मॉड्युलर किचन करू नये. घेणारी बाई ते आपल्या सोयीने बदलणार असते आणि त्याचा खर्च किमतीत निघत नाही.

बरीच घरे बंद असतात, मालक पुण्यात. बंद घराच्या वासाचे एक साधे कारण फारसे कोणाला ठाऊक नसते. न्हाणी-संडासाच्या जाळीखाली वाकड्या पाइपात पाणी अडून राहते आणि ते गटाराची दुर्गंधी रोखते. महिना-दोन महिने वापर नसेल तर हे पाणी उडून जाते आणि वास थेट घरात येतो. पाहायला येणारे असतील त्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतावे. शौचटाकी भरलेली असेल तर उपसून घ्यावी. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी लवकर शोषत नाही, हे इथल्या गवंड्यांना माहीत आहे.

देवघर आणि वडीलधाऱ्यांच्या तसबिरी काढाव्यात का? परदेशी सल्ला असा की घरमालकाची खासगी खूण ठेवू नये. आपल्याकडे स्वच्छ देवघर, दारात तुळस आणि शेणाने सारवलेले किंवा धुतलेले अंगण पाहून येणाऱ्याला बरे वाटते, घर सांभाळलेले आहे असे कळते. हॉलमधली दहा वर्षांची कॅलेंडरे आणि बिलांच्या चळती काढल्या की पुरे. मोबाइलवर फोटो काढताना मात्र घरच्यांचे चेहरे, आधारकार्ड, पत्रावरचा पत्ता, कपाटाची किल्ली यांतले काही चौकटीत येऊ देऊ नये. सकाळच्या उजेडात, पडदे उघडून, खोलीच्या कोपऱ्यातून, मोबाइल आडवा धरून फोटो घ्यावेत. आणि ओल आलेल्या भिंतीचाही एक फोटो त्यांत असावा.

वास्तूच्या प्रश्नाला चिडून उत्तर देऊ नये. बरेच जण दरवाजाची दिशा विचारतात. उत्तर दिशा दाखवलेला साधा आराखडा हाती द्यावा. पाडापाडी करून जिना फिरवण्याचा खर्च विकणाऱ्याने करण्याचे कारण नाही.

आता रंग. भिंत कोरडी आणि लांबी घट्ट झालेली असेल तर पांढरा, फिका पिवळा किंवा सायीचा रंग आत पुरतो. गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा लेप लावला तर मे महिन्यात वरच्या खोलीतला फरक अंगाला जाणवतो. जिथे ओलीची दुरुस्ती नुकतीच झाली आहे तो पट्टा एक ऋतू तसाच ठेवावा, आणि तो का ठेवला आहे ते सांगावे.

दाखवण्याचा हंगामही पाहावा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे शेतकरी गिऱ्हाईक हिवाळ्यात हातात पैसे असताना फिरते, नोकरदार मुलांच्या परीक्षा संपल्यावर. पितृपक्षात आणि अधिक महिन्यात इसार होत नाहीत. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया धरून बोलणी पक्की होतात. रेडी रेकनरचा दर आणि शेजारच्या दोन-तीन नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ पाहून किंमत ठरवावी. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरची किंमत आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागते, नोंदणी फी एक टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार रुपये असते, आणि निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर १ एप्रिल २०२१पासून मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. हे गणित घेणाऱ्यासमोर मांडले की घासाघीस कमी होते.

इसाराच्या वेळी रोखीचा आग्रह अजूनही धरला जातो. १ जून २०१५पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास मनाई आहे, आणि तितकाच दंड घेणाऱ्याच्या, म्हणजे इथे विकणाऱ्याच्या, डोक्यावर येतो. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणारा एक टक्का कर कापून भरतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. गेल्या काही वर्षांत घरावर केलेल्या मोठ्या कामांच्या पावत्या जपलेल्या असतील, तर भांडवली नफ्याचा हिशेब करताना त्या उपयोगी पडतात.

इसारपावतीत घराबरोबर काय जाणार आणि काय राहणार, हे लिहून घ्यावे. बोअरची मोटार, सोलर वॉटर हीटर, इन्व्हर्टर, पंखे, गच्चीवरची टाकी, देवघराची लाकडी चौकट: वाद खरेदीखतानंतर यावरच होतात. खरेदीखत नोंदवल्यावर फेरफाराला पंधरा दिवसांची हरकतीची मुदत असते आणि त्यानंतर नोंद प्रमाणित होते. तोवर विकणाऱ्याने फोन उचलावा. किल्ल्या देताना एक कागद बरोबर द्यावा: नळाचा मुख्य कॉक कुठे आहे, शौचटाकीचे झाकण कोणत्या फरशीखाली आहे, मोटारीची केबल किती फुटांवर जोडली आहे, आणि गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यातली पन्हळ पहिल्या पावसाआधी साफ करावी लागते.